अण्णा कॉलेजात होते तेव्हा

वडील घरी कायमचे राहायला आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तोवर ते वर्षातून दोन महिने यायचे. काळी लोखंडी ट्रंक घेऊन यायचे आणि ती उघडली की डांबरगोळ्यांचा आणि बूटपॉलिशचा वास घरभर पसरायचा. त्या दोन महिन्यांत माय वेगळी वागायची. आवाज हळू व्हायचा, पदर डोक्यावरून ढळायचा नाही, आणि मला सारखी म्हणायची, "अण्णाला इच्यार, अण्णाला दाव." मी त्यांना काय विचारणार? ते मला पाहुण्यासारखेच वाटत. पाहुणा चांगला होता, मिठाई आणायचा, कधी ओरडायचा नाही, पण दोन महिने झाले की जायचा. पंधरा वर्षांची नोकरी संपवून ते आले तेव्हाही मी मनातल्या मनात दिवस मोजत राहिले. साठ झाले. एकसष्टाव्या दिवशी सकाळी मी उठले तर ते ओट्यावर बसून दाढी करत होते, आरसा खांबाला टांगलेला, गालाला साबणाचा फेस. मी बराच वेळ दाराआडून पाहत उभी राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाशी आता ओळख करून घेतली पाहिजे.

आमचं गाव तलवाड्याच्या अलीकडं दोन कोसांवर. अण्णा आले ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. विहिरीच्या तळाला वाळलेल्या चिखलाच्या खपल्या दिसायच्या. बैलं चाऱ्याच्या छावणीत नेऊन बांधली होती. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, मिळायची, तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. भाजीला तरोट्याचा पाला, तोही कुणी आपल्या आधी खुडला नसेल तर. गावची सगळी माणसं, बाया, म्हातारे, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. मायसुद्धा जायची. उजाडल्यापासून माळावरून हातोड्यांचा आवाज सुरू व्हायचा. एकाच वेळी दोनशे-तीनशे हातोडे, एकमेकांशी ताल न जुळणारे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो आवाज एकदम थांबायचा तेव्हा कानाला कसंतरीच व्हायचं. आजही कुठं रस्त्याचं काम चाललं असलं आणि हातोड्याचा आवाज आला तर मला आधी मायची बोटं आठवतात. चिंध्या गुंडाळलेली.

कॉलेजची बातमी हबीबमामू घेऊन आले. हबीबमामू अण्णांच्या आधी वर्षभर फौजेतून सुटलेले. दोघं एका पलटणीत नव्हते, पण एकदा सुट्टीवर येताना रेल्वेच्या डब्यात ओळख झाली आणि ती टिकली. बर्फात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हवालदार, साकर कारखान्याच्या माळावर कॉलेज निगालंय, मालूम हाय का? तिथले प्राचार्य म्हणत्यात, फौजी माणसानं नाव घातलं तर रोज तीन तास काम देऊ. कामाचा पगार कारखाना देनार. बाकीच्या वेळेत शिकायचं."

"कुणी शिकायचं?" अण्णांनी विचारलं.

"आपन. अजून कोन?"

अण्णा हसले नाहीत. ते मॅट्रिक होऊन भरती झालेले. पुढं शिकायचं होतं, घरची परिस्थिती नव्हती, एवढं एक वाक्य ते कधीमधी बोलायचे आणि पुढं काही बोलायचे नाहीत. मीही ते परत आले त्याच वर्षी मॅट्रिक झाले होते आणि घरी बसून होते. चकलांब्याहून एक स्थळ आलं होतं. शेतकरी घर, मुलगा बरा, आणि दुष्काळ सरला की बघू असं सगळ्यांचं बोलणं झालेलं. हबीबमामू गेल्यावर अण्णांनी मायला विचारलं, "म्या कॉलेजात गेलो तर तुला कसं वाटंल?" माय चुलीपुढं होती. ती म्हणाली, "घरी येताल ना रोज?" अण्णा म्हणाले, "रोज." "मंग जावा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, चुलीतलं लाकूड मागं ओढत, "जायचंच हाय तर हिलाबी न्या. एकट्यानं कावून जाता?"

असे आम्ही बापलेक एकाच दिवशी, एकाच वर्गात, मॅट्रिकच्या पुढच्या वर्षाला, पी.यू.सी.ला, बसलो. कॉलेज गावापासून तासाभराच्या वाटेवर होतं. अण्णा फौजी चालीनं चालत आणि मी निम्मी वाट पळत असे. पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम दहा पावलं मागं राहायची, कुणी ओळखू नये म्हणून. त्यांच्या ते लक्षात आलं. एका सकाळी ते थांबले, मागं वळले आणि म्हणाले, "प्रयाग, मागं राहायचं आसंल तर खुशाल राहा. म्या आवाज देनार न्हाई. पर साप-किरडू बगून चालत जा." दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या बरोबरीनं चालू लागले आणि तेव्हापासून ते चाल थोडी हळू करू लागले. जी माणसं रोज घरातच असतात त्यांच्याशी आपण फारसं बोलत नाही. माझे वडील मला पहिल्यांदा त्या वाटेवर मिळाले. माळ काळा पडलेला, बोरीबाभळीसुद्धा वाळलेल्या, आणि ते मला सांगत असायचे की वायरलेसवर रात्रभर बसलं की पहाटे पहाटे कानात आपल्याच गावातले आवाज कसे यायला लागतात. "कुणाचे आवाज?" मी विचारलं. "तुज्या मायचा. कोंबडीला हाकलतानाचा," ते म्हणाले.

वर्गात पहिल्या दिवशी हजेरी झाली. आमचं आडनाव एकच, त्यामुळं नंबर लागोपाठ. प्राध्यापक अण्णांपेक्षा दहा वर्षांनी लहान, नुकतेच एम.ए. झालेले. त्यांनी अण्णांचा नंबर पुकारला आणि अण्णा ताडकन उभे राहून म्हणाले, "हाजिर साब." वर्ग हसून हसून आडवा झाला. माझा नंबर पुकारला तेव्हा माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. अण्णांनी पुढच्या बाकावरून, मागं न बघता, सांगितलं, "हाय सर, ती हाय." त्यानंतर ते रोज, प्राध्यापक आत आले की उभे राहायचे. आठवडाभरात हबीबमामूही उभे राहू लागले, मग मागच्या बाकावरची दोन-तीन पोरं, आणि दिवाळीपर्यंत सगळा वर्ग. त्या तरुण प्राध्यापकांना याचं इतकं दडपण आलं की ते तयारी केल्याशिवाय वर्गावर यायचे नाहीत, असं त्यांनीच पुढं कितीतरी वर्षांनी मला सांगितलं.

तीन तासांचं काम म्हणजे अण्णांना वाचनालय आणि हबीबमामूंना प्रयोगशाळा आणि घंटा. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. वाचनालय म्हणजे दोन खोल्या. एकीत पुस्तकांच्या पेट्या, न उघडलेल्या, आणि दुसरीत चार बाकं. अण्णांनी पेट्या उघडल्या, पुस्तकं झटकली, प्रत्येकाला खाकी कागदाचं वेष्टन घातलं आणि पाठीवर काळ्या शाईनं नंबर घातले. फौजेत संदेश लिहून घ्यायची सवय, त्यामुळं त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं, प्रत्येक अक्षर सुटं आणि सरळ उभं. कोपऱ्यात त्यांनी रांजण ठेवला. टँकर कधी आला, कधी नाही आला, पण त्या रांजणात तळाला का होईना पाणी असायचंच, कारण येताना ते घरून एक कॅन खांद्यावर घेऊन यायचे. कॉलेजात आम्ही मुली तिघीच. बाकी दोघींच्या वडिलांनी चौकशी केली होती की वाचनालयात कोण बसतं. फौजी हवालदार बसतो आणि त्याची स्वतःची पोरगी तिथंच शिकते, हे कळल्यावर त्यांनी मुलींना यायला परवानगी दिली. दुपारी आम्ही तिघी खिडकीजवळच्या बाकावर बसायचो आणि अण्णा टेबलापाशी मान खाली घालून कागद कापत असायचे. कात्रीचा तो करकर आवाज, बाहेरच्या उन्हाची धग, नव्या कागदाचा वास. मी पुढं आयुष्याची चौतीस वर्षं वाचनालयातच काढली, पुष्कळ मोठ्या इमारतीत, पंख्याखाली. पण वाचनालय म्हटलं की मला त्या दोनच खोल्या दिसतात.

माय उजाडायच्या आत कामावर जायची म्हणून सकाळचा स्वयंपाक अण्णांनी आपल्याकडं घेतला. पुरुषानं चुलीपुढं बसणं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या बाया पाणी मागायच्या निमित्तानं डोकावून जायच्या. मिलोच्या पिठाला त्यांनी उकळत्या पाण्याची उकड घेतली आणि त्याची जाड, वातड, पण न तुटणारी भाकरी केली. मायनं पहिला घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि विचारलं, "फौजेत हेच खाऊ घालून लढाया जिकल्या का?" ते म्हणाले, "न्हाई. हे खाऊ घातलं असतं तर लोकं पळून गेले असते." माय हसली. डोक्यावर पदर नव्हता, दात दिसत होते. ती अशी हसते हे मला ठाऊक नव्हतं. कामावर वाटतात ती गोडसर पिठाची सुकडी मिळाली की ते तव्यावर थेंबभर तेलात ती परतून तिचे लाडू वळायचे आणि मायच्या फडक्यात बांधून द्यायचे. संध्याकाळी माय आली की ते गरम पाण्यात मीठ टाकून पातेलं तिच्यापुढं ठेवायचे आणि ती त्यात बोटं बुडवून बसायची. मग कंदिलाजवळ आमचा अभ्यास. अण्णांना इंग्रजी बोलता यायचं, पण लिहिता नीट येत नव्हतं. मला व्याकरण यायचं, पण तोंड उघडत नव्हतं. ते मला बोलायला लावत आणि मी त्यांच्या वहीत तांबड्या शाईनं चुका काढत असे. माय पातेल्यात बोटं बुडवून हे ऐकायची. एकदा म्हणाली, "पोरीनं बापाच्या वहीत चुका काडायच्या, लई न्यारं बगाया मिळालं मला."

गावात बोलणं होतच होतं. एकदा पारावर अण्णांच्याच वयाच्या एकानं सगळ्यांदेखत विचारलं, "का बे हवालदार, बायकू खडी फोडती अन् तू पोरीशेजारी बसून पाटी गिरवतोस व्हय?" मी बरोबर होते. मला वाटलं आता भांडण होणार. अण्णा थांबले आणि शांतपणे म्हणाले, "व्हय. घरात दोघी बी माज्यापरीस कष्टाळू हायेत. म्या त्येंच्या जिवावर शिकतोय." पण घरी जाताना ते चाल हळू करायला विसरले आणि मी मागं पडले. मला आता वाटतं की त्या दिवशीच त्यांच्या मनात काहीतरी हललं असावं. तेव्हा मला त्यांनी दिलेल्या उत्तराचाच अभिमान वाटत होता.

आम्ही दोघंही पी.यू.सी. पास झालो. हबीबमामू इंग्रजीत राहिले आणि पुन्हा बसून पास झाले. बी.ए.चं पहिलं वर्ष सुरू झालं. पाऊस त्याही वर्षी आला नाही. कारखान्याच्या आसपास ऊसच उरला नव्हता. दसरा गेला, दिवाळी गेली, एरवी त्या सुमाराला धुराड्यातून धूर दिसायला लागायचा आणि मळीचा वास वाऱ्यावर कॉलेजपर्यंत यायचा. त्या वर्षी धुराडं पेटलंच नाही. कॉलेज चालायचं ते कारखान्याच्या जिवावर. एके दिवशी प्राचार्यांनी अण्णांना, हबीबमामूंना आणि मलाही खोलीत बोलावलं. ते बाहेरगावचे, एकटे राहणारे, खादी घालणारे गृहस्थ. त्यांना बोलायला जड जात होतं. कमवा-शिकाच्या सगळ्या जागा बंद होणार होत्या आणि फीमाफीही, ज्याला जागा असेल त्यालाच माफी राहणार होती. फौजी लोकांसाठीची एकच जागा त्यांनी भांडून ठेवली होती, वाचनालयाची. "कागदावर लिहिलंय, माजी सैनिक किंवा त्याच्या घरातलं शिकणारं माणूस," ते म्हणाले. "तुम्ही तिघं आपसात ठरवा आणि मला सांगा. मला ठरवायला लावू नका."

आम्ही ठरवलं नाही. बाहेर लिंबाखाली हबीबमामू एवढंच म्हणाले की त्यांना परळीला वीजकेंद्रात कामाचं बोलणं झालंय, त्यांची काळजी करू नये. अण्णा म्हणाले, "मंग प्रश्नच मिटला," आणि पुढं काय मिटलं ते सांगितलं नाही. वाटेनं मी हिशेब करत होते. अण्णांना जागा मिळाली तर ते घरी राहतील, शिकतील, आणि मला कॉलेज सोडून मायबरोबर खडीवर जावं लागेल, किंवा चकलांब्याला. मला मिळाली तर अण्णा बिनकामाचे कॉलेजात बसणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पेन्शन बारकं होतं, घरात मायच्या मजुरीवर दोघं शिकतात असं त्यांना एक दिवसही सोसलं नसतं. आणि मला आणखी एक गोष्ट माहीत होती. त्यांच्या वहीत मला एक पत्र सापडलं होतं. फौजेच्या डेपोंवर पहारा देणारी एक तुकडी असते, तिच्यात सुटलेल्या जवानांना पुन्हा घेतात. ते पत्र तिथलं होतं, जबलपूरचं. हजर व्हायची मुदत महिन्याभराची होती आणि पत्र येऊन पंधरा दिवस झाले होते. घरात त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे ते जाणार होते असं नाही, पण फाडूनही टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी एकटी प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सर, माझं नाव काढा. जागा अण्णांना द्या." त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि टेबलाच्या खणातून दोन कागद काढून माझ्यापुढं ठेवले. एकावर ते छापल्यासारखं अक्षर होतं. 'माझे नाव विचारात घेऊ नये, जागा मुलीस द्यावी.' दुसरा हबीबमामूंचा, वाकडातिकडा, दोनच ओळी, तेच मागणं. "काल दुपारी हवालदारसाहेब आले, संध्याकाळी हबीब आले, आता तू," ते म्हणाले. "एक जागा आहे आणि तिघं म्हणतात मला नको. उद्या तुम्ही सगळे या. आईलाही विचारून या."

त्या संध्याकाळी मी मायला सगळं सांगितलं. पत्राचंही. अण्णा पाणी आणायला टँकरवर गेले होते. तिनं पातेल्यातून बोटं काढली, पदराला पुसली. "जबलपूर लांब हाय का?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, लांब आहे. तिनं बोटं पुन्हा पातेल्यात बुडवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं प्राचार्यांसमोर बसलो होतो आणि दारात माय उभी राहिली. ती कॉलेजात कधी आली नव्हती. अर्ध्या दिवसाची हजेरी बुडवून ती माळावरून थेट चालत आली होती, केसांत दगडाची पांढरी भुकटी, बोटांना चिंध्या, पायांत चप्पल नाही. अण्णा उभे राहिले. प्राचार्यही उभे राहिले आणि म्हणाले, "या, बसा बाई." ती बसली नाही. भिंतीला टेकून, आत येऊन उभी राहिली.

"सर, ही म्हणती आपलं नाव काडा. ह्ये म्हणत्यात ह्यांचं काडा. मला कुणी इच्यारलं न्हाई," ती म्हणाली.

"म्हणून तर निरोप दिला, बाई. तुम्ही सांगा."

मायनं पदर सारखा केला. मला वाटलं, ती म्हणेल ह्यांना ठेवून घ्या. मनातून मला तेच हवं होतं, हे मी आज लपवत नाही. शिक्षण गेलं तरी चालेल, पण सकाळी ओट्यावर तो साबणाचा फेस दिसला पाहिजे.

"ह्यांला जाऊ द्या," ती म्हणाली. "जबलपूरला, न्हाईतर कुटं बी. ह्यांच्याबिगर राहायची मला सवय हाय. पंदरा वर्सं राहिले. शाळंबिगर राहायची हिला सवय न्हाई. अन् ती लागू बी नये."

अण्णा म्हणाले, "अगं पर..." ती त्यांच्याकडं बघत नव्हती. प्राचार्यांकडं बघत होती. "तेवढं लिवून घ्या सर. मला दुपारच्या आत कामावर जायचंय." प्राचार्यांनी कागद ओढला. टाक शाईत बुडवला. माय वळली आणि निघून गेली. खिडकीतून ती माळ चढताना बराच वेळ दिसत होती. अण्णांनी तिला हाक मारली नाही, तिच्यामागं गेलेही नाहीत. ते खिडकीत उभे होते. हबीबमामू खाली बघत आपल्या तुटक्या बोटांवरून अंगठा फिरवत होते.

उरलेल्या दहा-बारा दिवसांत अण्णांनी मला वाचनालयाचं काम शिकवलं. पुस्तक कसं बांधायचं, खळ किती पातळ करायची, पोरं पुस्तक परत द्यायला टाळतात तेव्हा न रागावता कसं मागायचं. माय आणि ते पहाटे ओट्यावर बसून चहा प्यायचे, दोघंच, आणि मी जागी असूनही उठायची नाही. त्यांचं बोलणं ऐकू यायचं नाही, नुसता कपबशीचा आवाज यायचा.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. अण्णा आणखी दहा वर्षं नोकरीत राहिले. पुन्हा वर्षातून दोन महिने, पुन्हा ती ट्रंक. मी बी.ए. झाले, ग्रंथपालाचं शिक्षण घेतलं, त्याच कॉलेजात लागले. बी.ए.ची पुस्तकं ते बरोबर घेऊन गेले होते, पण परीक्षेला कधी बसले नाहीत, आणि का बसले नाहीत हे मी कधी विचारलं नाही. दहाव्या वर्षी, ते सुटून यायला दोन महिने असताना, माय तापानं गेली. तार पोचून ते येईपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. नंतर ते माझ्याजवळच राहिले, पुष्कळ वर्षं, आणि चांगले राहिले. मला वडील मिळाले, तेही भरपूर. पण आम्ही तिघं एका घरात, एका कंदिलाजवळ, ती दोनच वर्षं होतो, आणि ती दुष्काळाची होती. लोक त्या वर्षांची आठवण निघाली की हात जोडतात, पुन्हा नको म्हणतात. मी त्यांच्यात बसून मान हलवते. मला ती वर्षं परत हवी आहेत, हे कुणाला सांगता येत नाही.

ते गेले त्या दिवशी आम्ही पहिल्या एसटीनं परळीला गेलो, अण्णा, मी आणि हबीबमामू. परळीहून परभणी, तिथून मनमाड, पुढं जबलपूर. माय आली नाही. अर्धी हजेरी आधीच बुडाली होती, म्हणाली. तिनं त्यांच्या फडक्यात भाकरी बांधून दिली आणि ती हातोडा घेऊन आमच्या आधीच घरातून निघाली. परळीच्या फलाटावर वीजकेंद्राची राख उडत होती. बाकावर, खांबावर, माणसांच्या भुवयांवर तिचा पातळ थर. अण्णांनी रुमालानं बाकडं पुसलं आणि मला बसवलं. ते म्हणाले, "रांजणात रोज पानी आसू दे." मी म्हणाले, "व्हय." ते म्हणाले, "मायची बोटं मिठाच्या पान्यात ठिवायला लाव. ती आपणहून न्हाई करायची." मी म्हणाले, "व्हय." मला विचारायचं होतं, तुम्हाला जायचं होतं का, अण्णा. गाडी आली.

गाडी खच्चून भरलेली होती. दुष्काळानं माणसं बाहेर चालली होती, गाठोडी, पोरं, भांडी. अण्णांनी ट्रंक कशीबशी आत ढकलली आणि स्वतः दारातच उभे राहिले, एक पाय आत, एक पायरीवर, दांडी धरून. आत शिरायला जागाच नव्हती. गाडी हलली तरी ते तसेच उभे, आणि वळणापर्यंत तसेच दिसत राहिले.

येताना मी हबीबमामूंना म्हणाले, "मामू, तुमचं काम तर इथं परळीलाच हाय ना? तुमी कावून माघारी येता?" ते एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "काम नव्हतंच बेटी. बोललो आपलं." दुसऱ्या दिवसापासून ते पाझर तलावावर खडी फोडायला जाऊ लागले, मायपासून थोड्या अंतरावर.

मी घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. माय नुकतीच आली होती, हातपाय धुऊन चुलीशी बसली होती. मी पातेल्यात पाणी तापवलं, मीठ टाकलं आणि तिच्यापुढं ठेवलं. तिनं बोटं बुडवली. मग तिनं विचारलं, "गाडीत बसाया जागा गावली का ह्यांना?"

"गावली," मी म्हणाले. "खिडकीजवळ."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "लांबचा पल्ला हाय."